खोटी हाक

दसरा झाला की कोल्हापुरात सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्या वाजायला लागतात. बाहेरगावच्या माणसाला वाटते, रिकामटेकड्या पोरांचा धिंगाणा चाललाय. थोडाफार तो असतोच. पण त्यात गवळ्यांच्या गाड्याही असतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, त्यांना मिरवत नदीवर न्यायचे, मग मालकाने गाडीवर बसून पुढे सुटायचे आणि म्हशीने त्या गाडीच्या आवाजामागे धावायचे, ही आमच्याकडची रीत. कितीही गर्दी असो, म्हैस आपल्या मालकाच्या गाडीमागेच जाते, असे गवळी छातीठोकपणे सांगतात. पाडव्याआधी त्याची तालीम चालते. गेली काही वर्षे मी या दिवसांत खिडक्या लावून घेते. शेजारच्या बाई म्हणतात, मॅडमना आवाजाचा त्रास होतो. होतो खरा, पण त्यांना वाटतो तसला नाही.

पूर्वी हेच दिवस मला फार आवडायचे. पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून यायची असते. सकाळी पंचगंगेवर धुके धरते. रस्त्यावर उसाच्या गाड्यांतून पडलेले वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ओले होऊन पसरलेले असते. एखादे गुऱ्हाळ लवकर सुरू झाले तर काहिलीचा गोड, जरासा करपट वास पार शहराच्या कडेपर्यंत येतो. दादाच्या गोठ्यात भिजवलेल्या पेंडीचा वास असायचा, शेणाचा, ओल्या सुतळीचा, आणि धार काढताना चरवीत वाजणाऱ्या दुधाचा आवाज. आम्ही गवळ्याच्या घरातली भावंडे. दादाने म्हशी घेतल्या, मी वह्या-पुस्तके घेतली. आई म्हणायची, एकाच्या अंगाला शेणाचा वास आणि दुसरीच्या अंगाला खडूचा, आंघोळ मात्र दोघांनाही नको. पेपर तपासायचा कंटाळा आला की मी उठून गोठ्यावर जायची. आता तपासायचे पेपर तेवढेच असतात, पण उठून जावे असे ठिकाण राहिलेले नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. हे सांगितले की लग्नकार्यात शेजारी बसलेली माणसे हळूच दुसऱ्या रांगेत सरकतात. संशोधन करणारी मुले माझ्याकडे येतात ती सगळे उरकल्यावर. प्रयोग झालेला असतो, आकडे गोळा झालेले असतात, आणि मग मॅडम यातून काहीतरी काढून द्या, म्हणतात. दुखणे हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरकडे यावे, तसली गत. रुबिना मात्र प्रयोगाच्या आधी आली, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून आवडली. प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. वडिलांचे मंगळवार पेठेत गाड्या दुरुस्तीचे गॅरेज होते, त्यामुळे फटफट्यांच्या आवाजातच वाढलेली. तिने सरळ विचारले, म्हशीला मालकाच्या गाडीचा आवाज खरोखर ओळखू येतो, की पुढे जाणाऱ्या कुठल्याही गाडीमागे ती पळते? हे नीट तपासायचे कसे?

मी तिला म्हटले, अगं, हा प्रश्न कोल्हापुरात मोठ्याने विचारू नकोस, मार खाशील.

पण प्रश्न चांगला होता. आम्ही बसून प्रयोग आखला. पाडव्याच्या गर्दीत ढोल, फटाके, धावणारी माणसे, त्यात कशामुळे काय झाले हे कळणार नाही. म्हणून गोठ्यातच करायचे. म्हैस मोकळी सोडायची, फाटकाबाहेर दडवलेल्या स्पीकरवर कधी तिच्या मालकाच्या गाडीचा आवाज लावायचा, कधी परक्या गाडीचा, आणि ती किती वेळात फाटकापाशी मारलेली चुन्याची रेघ ओलांडते ते मोजायचे. आवाजांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, नाहीतर पहिला आवाज नवा म्हणून ऐकला जातो आणि शेवटचा कंटाळा आलेला असताना. मोजणाऱ्याला कोणता आवाज लावलाय हे ठाऊक नसावे, कारण माणसाला जे बघायचे असते तेच तो बघतो. म्हणून रुबिनाने चित्रफिती घ्यायच्या आणि मी त्या आवाज बंद करून बघायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे, एकाच म्हशीला पुन्हा पुन्हा आवाज ऐकवून आकड्यांचा ढीग लावला म्हणून तो म्हशींचा कळप होत नाही. ती एकच म्हैस राहते, तिच्या खोडींसकट. हिशेब करताना प्रत्येक म्हशीच्या स्वभावाला आपली जागा द्यावी लागते. आमच्या शास्त्रात त्याची रीत आहे. लोकांना वाटते की संख्याशास्त्र सगळ्यांना एका मापाने मोजते. त्याचा निम्मा जीव खरे तर एक जीव दुसऱ्यासारखा नसतो, हे मान्य करण्यात जातो.

दादाला मी हे सांगितले तेव्हा तो वैरण टाकत होता. त्याची म्हैस हरणी पलीकडून आमच्याकडे बघत होती. एवढ्या थोरल्या काळ्याभोर म्हशीचे नाव हरणी ठेवले म्हणून आम्ही सगळे हसलो होतो, आणि दादाने आमच्या हसण्याला काडीचीही किंमत दिली नव्हती. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की नंबर कुणाचा काढणार. मी म्हटले, नंबर नाही काढायचा. मग कशासाठी करता, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले.

तिथेच आमचा घोटाळा झाला. रुबिनाने प्रयोग म्हणून सांगितले आणि गवळ्यांनी शर्यत म्हणून ऐकले. ती ज्या गोठ्यात जाईल तिथे म्हैस घासूनपुसून, शिंगांना तेल लावून उभी. कुणी गोंडे बांधलेले, कुणी गळ्यात घुंगरांची माळ घातलेली. घुंगरू काढा म्हणून ती विनवायची, तर व्हिडिओत मोकळा गळा बरा दिसत न्हाय, असे उत्तर यायचे. एक गवळी तर आपल्याच गाडीच्या आवाजाला म्हैस ढिम्म हलली नाही म्हणून रागावला, तुमच्या मशिनीतला आवाज बोगस हाय म्हणाला, आणि प्रयोगातून उठून गेला. त्याचे बघून आणखी एक जण गेला. रुबिना रडकुंडीला आली. मी तिला सांगितले, हे फार वाईट झाले. म्हशी कमी झाल्या याचे मला विशेष वाटत नव्हते. वाईट एवढ्यासाठी की ज्यांची म्हैस आली नाही तेच उठून गेले. मागे राहिले ते सगळे येणाऱ्या म्हशींचे मालक. आता निकाल लावला तर सगळ्याच म्हशी हुशार दिसतील. माणूस लाजेने निघून जातो तेव्हा तो आपल्याबरोबर खरे उत्तरही घेऊन जातो.

त्या दोघांना परत आणायला दादाच गेला. कसे पटवले कोण जाणे. चहा पाजला असणार आणि चार शिव्या दिल्या असणार.

आणि स्वतः दादा म्हणजे काही साधुसंत नव्हता. भिंतीआड उभा राहून खाकरायचा. हरणी मागे राहायला नको ना. मी एकदा पकडले तर म्हणाला, घसा बसलाय. पण त्याची खरी अडचण वेगळी होती. त्याच्या गाडीचा आवाज वाजला, हरणी फाटकापाशी आली, की तो मूठभर पेंड घेऊन बाहेर यायचाच. रुबिनाने हात जोडले, काका, असे करू नका, ती पेंडीसाठी येते की आवाजासाठी येते हे मला कळणार नाही. दादा ऐकेना. शेवटी मी चिडून म्हटले की दादा, निदान परक्या गाडीच्या आवाजानंतरही पेंड दे, म्हणजे दोन्हीकडे सारखे होईल.

“दुसऱ्याच्या गाडीला म्या कशाला येऊ?” तो म्हणाला. “आणि माझ्या गाडीचा आवाज काढून मी गेलोच न्हाय, तर ती काय समजंल? कुंदे, जनावराला खोटी हाक मारायची न्हाय. हाक मारली तर यायला लागतंय.”

मग आम्हीच हरलो. रुबिनाने फिती कापून माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली, दादा चौकटीत शिरायच्या आधीपर्यंतच. नाहीतर त्याचे पायताण दिसले की आवाज कोणता होता हे मला कळून जायचे. पेंडीची गोष्ट प्रबंधात स्पष्ट लिहायची असे ठरले. मी घरी बसून त्या मुक्या फिती बघायची. हरणी रवंथ करते आहे. हरणी कान टवकारते. हरणी मान उचलते, चालू लागते, चुन्याची रेघ ओलांडते. तिथे मी वेळ लिहायची आणि फीत संपायची.

काही म्हशी यायच्याच नाहीत. ठरलेली वेळ संपायची आणि म्हैस आपल्या जागेवर. अशा वेळी काय लिहायचे, हे मुलांना शिकवताना दरवर्षी माझा घसा कोरडा पडतो. बहुतेक जण ठरलेली वेळच लिहून टाकतात, जणू ती नेमकी शेवटच्या क्षणाला आली. काही जण ते निरीक्षण खोडून टाकतात. दोन्ही चूक. ती आली नाही असेही लिहायचे नाही. आपण थांबलो तोवर ती आली नव्हती, एवढेच आपल्याला ठाऊक असते आणि तेवढेच लिहायचे. त्यानंतर ती आली असती का, कधी आली असती, ते आपल्या हातात नाही. त्या अर्धवट माहितीलाही हिशेबात घेण्याची पद्धत आहे. ही पद्धत मुळात माणसे किती जगतात हे मोजण्यासाठी वापरली जाते. रुबिनाला हे एकदा सांगितले आणि कळले. मला वाटले होते की मलाही कळले आहे.

दिवाळीच्या तोंडावर दादा गेला. सकाळी दूध घालून परत येत होता, चौकात सिग्नलला थांबला आणि तिथेच गाडीवरून कलंडला. हृदयाचा झटका. गाडीचा फक्त आरसा फुटला. ती कुणीतरी ढकलत आणून गोठ्याच्या भिंतीला लावली, आणि संध्याकाळी हरणी तिच्याकडे बघत उभी होती, असे लोक सांगायचे. मला ते खरे वाटत नाही. त्या दिवशी कोण कशाकडे बघत होते हे सांगण्याच्या अवस्थेत कुणीच नव्हते, आणि माणसाला जे बघायचे असते तेच तो बघतो. 

त्या पाडव्याला गल्लीतून सगळ्यांच्या म्हशी गेल्या. मोरपिसे, गोंडे, पाठीवर कातरून काढलेली नक्षी. आमच्या दारापुढून जाताना गवळ्यांनी गाड्या बंद केल्या आणि हाताने ढकलत नेल्या. कुणी सांगितले नव्हते त्यांना. वहिनी उंबऱ्याशी बसून होती. तो गाड्यांचा न वाजलेला आवाज मला अजून ऐकू येतो. हरणी गोठ्यात होती, कोऱ्या शिंगांची.

तेरावे झाल्यावर काही दिवसांनी रुबिना दादाच्या घरी आली, मी तिथेच होते. डोळे खाली घालूनच बसली. हरणीला काही आवाज ऐकवायचे राहिले होते. तिचे मार्गदर्शक म्हणत होते की एक तर राहिलेले पूर्ण कर, नाहीतर हरणीला प्रयोगातून काढून टाक. प्रबंध द्यायची मुदत जवळ आलेली. बिचारीला हा विषय कसा काढावा हेच कळत नव्हते. मी तिला म्हटले, दोन्ही करायचे नाही. जेवढे झाले आहे तेवढे ठेव, उरलेले रिकामे सोड. रिकाम्या जागा ठेवूनही हिशेब होतो, एकाच अटीवर. जागा रिकामी राहण्याचे कारण आपण जे मोजतो आहोत त्याच्याशी बांधलेले नसावे. तो गवळी उठून गेला, त्याचे कारण म्हैस न येणे हेच होते, म्हणून तिथे धोका होता. इथे तसे नाही.

तिने हळूच विचारले की मग कारणाच्या रकान्यात काय लिहू. मालक अनुपलब्ध, असे तिने आधी पेन्सिलने लिहिले होते. मी ते पुसले आणि लिहिले, असंबंधित कारण. शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. हरणी लवकर येते की उशिरा, याचा माझ्या भावाच्या जाण्याशी काही संबंध नव्हता. आयुष्यभर मी मुलांना हाच फरक शिकवत आले. पण माझ्या दादाच्या मरणापुढे माझ्याच अक्षरात असंबंधित हा शब्द बघताना मला माझ्या विषयाची पहिल्यांदाच शिसारी आली. ते खोटे असते तर मला एवढा राग आला नसता.

वहिनी चहा घेऊन आत आली होती. सगळे ऐकत उभी राहिली. मग म्हणाली की राहिलेला आवाज लावा.

रुबिना गडबडली. काकी, गरज नाही, मॅडमनी मार्ग काढलाय, असे सांगू लागली. मीही म्हटले की वहिनी, एकदा लावून काहीही सिद्ध होत नाही.

“मला कुटं काय सिद्ध करायचं हाय?” वहिनी म्हणाली. “वन्सं, रोज सांजच्याला मला ह्यांची गाडी ऐकू येतीया. गल्लीच्या तोंडाला वळताना बारीक हुते ना, तशी. मी उटून दारात जाते. कोण नसतंय. मला येड लागलं का काय, कुणाला सांगू? हरणीला लावून बगा. तिलाबी तसं हुतंय का, का मला एकटीलाच, एवढं कळू दे.”

माझ्या सगळ्या नोकरीत इतका साधा प्रश्न कुणी माझ्यापुढे ठेवला नव्हता. आणि त्याचे उत्तर एका आवाजाने मिळणार नाही, हेही मला पुरते ठाऊक होते. हरणी आली तरी त्याचा अर्थ ती दादाची वाट बघते असा होत नाही. आवाज, पेंड, सवय, काहीही असेल. तिच्या मनात काय आहे ते आमच्या कुठल्याच पद्धतीने कळत नाही, फक्त ती किती वेळात रेघ ओलांडते ते कळते. हे वहिनीला सांगून काय करणार होते?

संध्याकाळी धारेच्या आधी रुबिनाने स्पीकर लावला. मी आणि वहिनी वैरणीच्या गंजीमागे उभ्या होतो. आजवर मी सगळ्या फिती मुक्या बघितल्या होत्या, त्यामुळे तो आवाज असा प्रयोगात मी पहिल्यांदाच ऐकत होते. लांबून येणारी फटफट, वळणावर जरा बारीक झालेली, मग एक झटका देऊन जवळ. वहिनीने माझा दंड धरला. हरणीने कान टवकारले, मान उचलली, आणि चालत चालत फाटकापाशी गेली. रेघ ओलांडताच रुबिनाने घड्याळ थांबवले. आमच्यापुरते निरीक्षण तिथे संपले.

हरणीचे संपले नव्हते. ती फाटकाबाहेर बघत उभी राहिली. आवाज बंद झाला तरी उभी होती. कुणी आले नाही. माझ्या मनात आले, कुणीतरी पेंड घेऊन जायला हवे. वहिनीकडे बघितले तर तीही फाटकाकडेच बघत होती, हात लुगड्याच्या पदरात गुंडाळून. ती हलली नाही, मग मीही हलले नाही. धारेची वेळ टळून गेली, शेजारच्या गोठ्यातल्या चरव्या वाजून थांबल्या. हरणी किती वेळात आली याला आमच्याकडे रकाना होता. ती किती वेळ उभी राहिली, याला नव्हता. शेवटी वहिनीने जाऊन तिच्या गळ्याला दावे लावले आणि तिला मागे वळवले.

वहिनीचा चेहरा मात्र बऱ्याच दिवसांनी सैल झाला होता. तिलाबी हुतंय, ती म्हणाली. मग रुबिनाला म्हणाली की तो आवाज माझ्या फोनवर घालून दे. रुबिनाने माझ्याकडे बघितले. मी मान हलवली. माणसाचा फोटो मागून घेतात, तसे हे मागणे होते. त्यात नाही म्हणण्यासारखे काय होते?

रुबिनाचा प्रबंध झाला. म्हशी परक्या गाडीपेक्षा मालकाच्या गाडीला लवकर येतात असे दिसते, मात्र म्हशी-म्हशींत फरक मोठा आहे आणि खाद्याच्या सवयीचा परिणाम वेगळा काढता आलेला नाही, असे त्यात सावध वाक्य आहे. त्या वाक्यातली खाद्याची सवय म्हणजे माझा भाऊ. रुबिना आता परगावी शिकवते. दिवाळीला तिचा निरोप येतो. वहिनीने बाकीच्या म्हशी विकल्या, हरणी तेवढी ठेवली. मीच गोठ्याकडे जाणे कमी करत गेले. काम आहे, गुडघे दुखतात, असे काहीबाही सांगत राहिले. खरे कारण सांगायचे तर भिंतीला टेकून उभी असलेली ती गाडी मला बघवत नाही. वहिनीने तिच्यावर ताडपत्री टाकली आहे, पण ताडपत्रीखाली काय आहे ते कळतेच.

यंदाच्या पाडव्याला मात्र गेले. वहिनीने फराळाला बोलावले होते आणि नाही म्हणायला नवे कारण सुचले नाही. गल्ली नेहमीसारखी दणाणत होती. आता कुणी गाड्या ढकलत नेत नाही, आणि नेऊ नयेच. किती वर्षे लोकांनी आमच्या दारापुढे गप्प व्हायचे? वहिनी गोठ्यात बसली होती, पायरीवर. मी शेजारी बसले. हरणी थोराड झाली आहे. पुढ्यातली वैरण चघळत होती. वहिनीने बटव्यातून फोन काढला, एक बोट दाबले, आणि दादाची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

 मी हरणीकडे बघितले. तिने कान हलवला, माशी उडवावी इतका, आणि चघळत राहिली. आवाज जवळ आला, थांबला, संपला. ती उठली नाही.

वहिनीने सांगितले ते असे. त्या दिवसापासून ती रोज सांजेला आवाज लावायची. हरणी यायची, दोघी फाटकाशी उभ्या राहायच्या. पहिल्यांदा तर लगोलग यायची. मग जरा उशिरा यायला लागली. मग वाटेत थांबून परत फिरायची. मग नुसती मान उचलायची. गेल्या पावसाळ्यापासून तेही नाही. मला हे ऐकताना कळत होते की हे असेच होणार होते. हाकेनंतर काही मिळाले नाही की हाकेचा अर्थ जनावराच्या मनातून विझत जातो. आमच्या लोकांनी त्याचे आलेख काढलेले आहेत. आधी उतार, मग सपाट रेघ. मी वहिनीला एवढेच विचारले की आवाज लावल्यावर तू पेंड घेऊन का गेली नाहीस. दादा जायचा तशी. मग ती येत राहिली असती.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी विचित्र विचारले आहे, असे तिचे डोळे सांगत होते.

“मी कशी जाऊ?” ती म्हणाली. “मीबी तिच्यासंगं वाटच बगत हुते की.”

बाहेर कुणाची तरी म्हैस गाडीमागे धावत गेली, तिच्यामागे पोरांचा आरडाओरडा गेला. धुरळा गोठ्यापर्यंत आला. वहिनीने फोन पदराने पुसला. मग तिने पुन्हा बोट दाबले आणि दादाची गाडी पुन्हा वळणावर आली. हरणीने या वेळी कानसुद्धा हलवला नाही. वहिनी मात्र उठून उभी राहिली होती. ती उठली हे तिच्या लक्षातही आले नसावे. लक्षात आले तेव्हा हसली आणि खाली बसली.

“ती शाणी झाली, वन्सं,” ती म्हणाली. “मी कवा हुणार?”

याचे उत्तर माझ्याकडे होते. वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले, मुलांकडून घोकून घेतलेले. आपण थांबलो तोवर झाले नव्हते, एवढेच लिहायचे. पुढचे आपल्याला ठाऊक नसते. मी पेंडीच्या बुट्टीत हात घातला, मूठ भरली आणि वहिनीच्या ओंजळीत रिकामी केली. ती उठून हरणीपाशी गेली. हरणी तिच्या हातातले सगळे खाऊन संपवेपर्यंत वहिनी तिथे उभी होती, आणि बघत होती फाटकाकडे.